श्वास घेणारं प्रेत

आयव्हा डीन थ्रिफ्ट दर शुक्रवारी आमच्या ड्राइव्ह-इनला एकटी यायची, आणि ह्या गोष्टीवर टॉलिव्हर गावाने जेवढी जीभ झिजवली तेवढी शेरीफच्या निवडणुकीवरही झिजवली नसेल. बाई बाप्टिस्ट चर्चमध्ये पियानो वाजवायची. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची, त्यामुळे गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन वाढलेली. आणि आमच्या पडद्यावर काय, तर कुऱ्हाडी, चोरटी दारू वाहणारे ट्रक, दलदलीत वाट चुकलेल्या कॉलेजच्या पोरी आणि त्यांच्या मागे तोंडाला गोणपाट बांधलेला कुणीतरी मेला. पियानोवाली बाई असल्या ठिकाणी कशाला जाते, असं लोक मला विचारायचे. मी म्हणायची, तिलाच विचारा की, तिला काय तोंड नाही?

मला कारण ठाऊक होतं. ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसून पिक्चर बघायचं उघड्या मैदानातलं थिएटर, माझं आणि माझ्या नवऱ्याचं, कार्लिसचं. मैदानाच्या मधोमध एक बैठी इमारत, तिच्या एका खोलीत त्याचा प्रोजेक्टर आणि दुसरीत माझी खाण्याची खिडकी. मी शेंगा उकडायची, हॉट डॉग द्यायची, डासांच्या कॉइल विकायची आणि हात चालवता चालवता अर्धा पिक्चर बघायची. उरलेला अर्धा आवाजावरून कळायचा.

माझी भाची आता विचारते, आत्या, त्या घाणीत तुम्हाला एवढं काय गोड वाटायचं गं? तिला काय सांगायचं? मोठ्या कंपनीचा पिक्चर म्हणजे परटाकडून आलेला सदरा, हात लावायची भीती वाटते. आमच्या पिक्चरात भिंतीवर माइकची सावली दिसायची. रात्रीचा पाठलाग भर दुपारी निळी काच लावून काढलेला असायचा. खुनी जिना चढताना ठेचकाळायचा आणि तसाच पुढे जायचा, कारण परत काढायला ह्यांच्याकडे फिल्म कुठली? लोक आपापल्या गाडीत बसून ओरडायचे, अगं भवाने, मागे बघ. ती कधी बघायची नाही. पण शेवटी त्याच पोरीच्या हातात कुऱ्हाड यायची, आणि मोज्यांच्या गिरणीतून दमून आलेल्या आमच्या बायका हॉर्नवर हात ठेवायच्या तो काढायच्याच नाहीत. ड्राइव्ह-इनमध्ये टाळ्या नसतात, हॉर्न असतो. पोस्टरवर छापलेलं पिक्चरमध्ये कधी नसायचं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी पुढच्या शुक्रवारी सगळे हजर. त्या पिक्चरांना आमची गरज होती. निम्मं काम त्यांनी करायचं, निम्मं आम्ही गाडीत बसून करायचं, तेव्हा कुठे त्यांचा खून पुरा व्हायचा.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात असला एक पिक्चर आमच्याच दलदलीत काढला गेला. अटलांटाहून एक दाढीवाला पोरगा चार माणसं आणि एक कॅमेरा घेऊन आला, आणि पहिल्याच दिवशी त्याची गाडी चिखलात रुतली. ती बाहेर ओढायला हॉयट थ्रिफ्टला बोलावलं. हॉयट म्हणजे आयव्हा डीनचा नवरा. लाकडाचा ट्रक चालवायचा, आणि एवढा मोठा गडी की चर्चच्या बाकावर तो बसला की दुसऱ्या टोकाचा माणूस जरा वर उचलला जायचा. गाडी निघाली, पण हॉयट तिथून निघेना. त्याला मजा वाटायला लागली. दाढीवाल्याला एका प्रेताची गरज होतीच. त्याने हॉयटकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, काका, मरता का?

मग काय. हॉयटला झुडपात उताणा पाडला, मक्याच्या पाकात लाल रंग कालवून छातीवर ओतला, आणि सांगितलं की हलायचं नाही. पाक गोड. मुंग्या आल्या. हॉयटने पापणी हलवली नाही, हे मात्र खरं. त्याला वाटलं आपण कमाल केली. पोटाचं काही त्याच्या लक्षातच आलं नाही.

पिक्चर आला, ‘बेडूक नदीचा खाटीक’. सगळं गाव लोटलं. खाटीक आला, पोरगी किंचाळली, कॅमेरा खाली झुडपात वळला, आणि पडद्यावर हॉयटचं ते प्रचंड पोट. सावकाश वर गेलं. सावकाश खाली आलं. आणि मग हॉर्नचा जो काही गदारोळ उठला की पलीकडच्या गोठ्यातल्या गाई बिथरल्या. हॉयट ट्रकमधून उतरला आणि टोपी काढून चारी बाजूंना वाकला. आयव्हा डीन माझ्या खिडकीशी उभी होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाली, “मेल्याला मेल्यासारखं पडताही येत नाही.”

त्यानंतर हॉयटला गावात कुणी सुखाने जगू दिलं नाही. पेट्रोलपंपावर, न्हाव्याकडे, कुठेही गेला की लोक म्हणायचे, हॉयट, श्वास रोख, कॅमेरा चालू आहे. तो पोट फुगवून दाखवायचा. त्याला ह्या गोष्टीचा कधी कंटाळा आला नाही. काही माणसांना आयुष्यात एकच विनोद मिळतो आणि तेवढा त्यांना पुरतो.

तीन वर्षांनी हॉयट गेला. घरापुढच्या ओसरीवर बूट काढत बसला होता, तिथेच मागे कलंडला. आत आयव्हा डीन मक्याचा पाव भट्टीतून काढत होती. दफनाच्या दिवशी रीतीप्रमाणे सगळे घरून भांड्यांत खाणं घेऊन आले, बटाट्याची कोशिंबीर, तळलेली कोंबडी, सुरळीत होतं सगळं. ती सगळ्यांना वाढत होती. मी तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि खाली बसवलं, तेव्हा ती बोलली.

“मोझेल, मला वाटलं हा मस्करी करतोय. मी हातातल्या तव्यासकट त्याच्या पोटाकडे बघत उभी राहिले. म्हटलं, किती वेळ रोखशील, आत्ता वर येईल. पाव गार झाला गं हातात, तरी मी बघतच होते.”

मला रडू आवरेना. ती मात्र उठली आणि परत वाढायला गेली.

आता ह्या पिक्चरवाल्यांची एक खोड सांगते. पिक्चर जुना झाला की ते त्याचं नाव बदलायचे. नवं नाव, नवं पोस्टर, आत तोच माल. दोनदा फसल्याशिवाय कळायचंही नाही. हॉयट गेल्यावर दुसऱ्या वसंतात आमच्याकडे ‘मेव्हिसच्या अंगाला हात लावू नका’ नावाचा पिक्चर आला. सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच लोकांनी चिडून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी खिडकीतून मान काढून बघते तर तीच बेडूक नदी. शेंगांची कढई तशीच टाकून मी आयव्हा डीनला फोन केला. ती ॲप्रनवरच आली, पण तोवर झुडपं आणि हॉयट दोन्ही होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन अगदी पुढच्या रांगेत गाडी लावून बसली.

हॉयट आला. पोट वर गेलं, खाली आलं. लोक हसले, हॉर्न वाजले, काही शहाणे ओरडले की श्वास रोख. मला भीती वाटली होती की हिला लागेल. पिक्चर अजून चालू होता, आणि ती खिडकीशी आली, शेंगा मागितल्या, आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, “बघितलंस? घेतोय.”

घरी तिच्याकडे हॉयटचे फोटो होते. लग्नातला, चर्चच्या सहलीतला, ट्रकला टेकून काढलेला. पण हलणारा हॉयट जगात एवढाच उरला होता, आणि तो मेलेला पडला होता.

तिने कार्लिसला विचारलं, हा परत कधी येईल? कार्लिस म्हणाला, येईलही, नाहीही येणार, आणि आला तर कुठल्या नावाने येईल ते त्यांच्या बापालाही माहीत नाही.

“मग मी सगळेच बघते,” ती म्हणाली.

अशी ती दर शुक्रवारी यायला लागली. आधी नुसती वाट बघत बसायची. पहिल्या दृश्यात बेडूक नदी दिसली नाही की तिचा चेहरा पडायचा, पण मग गाडी वळवून जायचं कसं, म्हणून बसून राहायची. बसता बसता गोडी लागली. तिची मतं एकेक ऐकण्यासारखी असायची. ह्या खुन्याचे कपडे कोण धुतं ते मला बघायचंय, ती म्हणायची. एवढं रक्त सांडतो आणि सकाळी सदरा पांढराफेक. तळघरात एकटी उतरणारी पोरगी दिसली की म्हणायची, हिच्या आईने हिला काय शिकवलं कुणास ठाऊक. पण पोरीने उलटा वार केला की तिचा हॉर्न सगळ्यांत लांब वाजायचा. आणि प्रेत दिसलं की ती पुढे वाकून बघायची, कुणाचंही असो. मध्यंतरात माझ्याकडे येऊन सांगायची, तो दुसरा मेलेला आहे ना, त्याच्या मानेची शीर उडत होती. चेहऱ्यावर असा आनंद, जणू कुणाच्या घरी बाळ झाल्याची बातमी आणली आहे.

चर्चचे पाद्री, ब्रदर स्टॅनफिल, तिला समजावायला गेले. म्हणाले, सिस्टर थ्रिफ्ट, तुमची गाडी त्या ठिकाणी दिसते असं कानावर आलं. ती म्हणाली, कुणाला दिसते, आणि तो तिथे काय करत होता? मग तिला त्यांची दया आली आणि तिने त्यांना खरं ते सांगून टाकलं, की ब्रदर, चांगल्या पिक्चरमध्ये मेलेली माणसं मेलेलीच असतात, मला ते बघवत नाही. त्यानंतर ब्रदर ह्या विषयावर बोलले नाहीत. पियानोही तिच्याकडेच राहिला.

मग एका सप्टेंबरात ‘गरम डांबर, थंड रक्त’ आला. मी नाव वाचून म्हटलं असेल मोटारींचा. शुक्रवारी पडदा उजळला आणि समोर बेडूक नदी. मी खिडकीतून आयव्हा डीनच्या गाडीकडे बघितलं तर तिने दोन्ही हात तोंडावर घेतले होते. ह्या खेपेला प्रिंटची पार दशा झाली होती. रेघा, डाग, मध्येच उड्या. हॉयट आला तेव्हा त्याच्यावर हिरवट पाऊस पडल्यासारखं दिसत होतं. पण पोट वर गेलं, आणि खाली आलं.

कार्लिस त्या रात्री झोपला नाही नीट. मनाचा मऊ माणूस, आणि मऊ माणसांना कधीकधी भलतंच सुचतं. त्याला वाटलं, ही प्रिंट आता दोन-चार गावं टिकेल, मग भंगारात जाईल, तर ह्या बाईला काहीतरी कायमचं द्यावं. सकाळी मला न सांगता त्याने त्या दृश्यातली हातभर फिल्म कापली, उरलेली टोकं जोडून टाकली, आणि पट्टी स्वच्छ पुसून तिच्या हातात ठेवली. ती दुपारी माझी कढई धुवायला मदत करायला आली होती. शनिवारी ती यायचीच.

तिला आधी कळेना. मग तिने ती पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. बारीक बारीक चौकटींत हॉयट, एकाखाली एक. तिचा चेहरा उजळला. ती एकेक चौकट बघत खाली गेली, परत वर आली, परत खाली गेली. मग हळूहळू तिचा चेहरा बदलला.

“कार्लिस, हा हलत नाहीये.”

“फिल्म आहे ती, मिस आयव्हा,” कार्लिस म्हणाला. “हातात घेतली की फोटोच.”

“फोटो आहेत माझ्याकडे.” तिने पट्टी खाली केली नाही. “हे पडद्यावर कुठलं होतं?”

कार्लिस जरा चाचरला. म्हणाला, काही नाही, पोट वर जातं ना, तेवढं.

“आणि खाली येतं ते?”

“ते आहे की तिकडे. ते नाही कापलं मी.”

ती रागावली नव्हती. मला वाटतं रागावली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे आज तो श्वास सोडणार,” ती म्हणाली, “पण घेणार नाही.”

मी कार्लिसला जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते इथे सांगत नाही. तो बिचारा अर्धमेला झाला होता, त्याला वाटलं होतं बाईला सोन्याची साखळी देतोय. आयव्हा डीनने मला थांबवलं. त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, तू चांगल्या मनाने केलंस रे, पण आता जोडून दे.

प्रिंट जीर्ण. सकाळचा एक जोड बसला होता, तो उसवून आता दोन घालायचे. जोड प्रोजेक्टरच्या दात्यांत अडकला तर फिल्म तिथेच तुटणार, आणि दिव्याच्या आचेने जळली तर हॉयट कायमचाच गेला. कार्लिसने चिकटपट्टी लावली, बोटाने दाबली, काढली, परत लावली. आयव्हा डीन त्याच्याशेजारी स्टुलावर बसून होती, शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेर बसतात तशी, पण आतच.

सूर्य बुडाला, गाड्या आल्या, पिक्चर सुरू झाला. मी खिडकी बंद केली. असं मी कधी केलं नव्हतं. बाहेर लोक शेंगा मागत होते, मागू देत म्हटलं. आम्ही तिघं प्रोजेक्टरच्या खोलीतल्या छोट्या काचेतून पडद्याकडे बघत उभे राहिलो. खाटीक आला. पोरगी किंचाळली. प्रोजेक्टरमध्ये खट्ट वाजलं, पडद्यावरचं चित्र एकदा उडालं, आणि कार्लिसने डोळे मिटून घेतले. परत खट्ट वाजलं. मी त्याला कोपराने ढोसलं. पडद्यावर हॉयटचं पोट वर गेलं होतं, आणि आता ते खाली येत होतं. आयव्हा डीनने स्वतःचा श्वास रोखला होता तो तिने त्याच्याबरोबर सोडला. बाहेर गाड्यांत लोक खदखदून हसत होते. मी तिचा हात धरला होता, आणि तिचा हात गरम होता.

सोमवारी सकाळी फिल्मची पेटी बसने पुढे पाठवायची होती. आयव्हा डीन शाळेतून तासाभराची सुटी काढून बस डेपोवर आली. कार्लिस तिला बाजूला घेऊन गेला. मला वाटलं परत माफी मागतोय, पण त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. म्हणाला, मिस आयव्हा, मी कंपनीला सांगतो पेटी वाटेत हरवली. ह्या बसगाड्यांत काय हरवत नाही? पेटी माझ्याकडे ठेवतो. तुम्हाला वाटेल तेव्हा या, लावून देईन. मी कानाडोळा केला. एवढ्या वर्षांत खोटं न बोललेला माणूस, पण ह्या वेळी बोलला असता तर मी त्याच्या बाजूने शपथ घेतली असती.

पेटी फरशीवर होती. पत्र्याची, चामड्याचे पट्टे आवळलेली. आयव्हा डीन वाकून तिच्यावरची चिठ्ठी वाचू लागली.

“पुढे कुठे जाते?”

“डोथनला. अलाबामात,” कार्लिस म्हणाला. “तिथून कुठे, देव जाणे.”

“तिथे लोक हसतील त्याला?”

“हसतील की. हॉर्नही वाजवतील.”

तिने ओठ दाबून मान हलवली. बराच वेळ ती पेटीच्या झाकणावर हात ठेवून तशीच वाकून राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, आणि मला वाटलं आता ती हो म्हणेल. म्हणायला हवं होतं, असंच मला तेव्हा वाटत होतं. मग ती सरळ झाली.

“नको रे कार्लिस. एकदा घातलाय मी त्याला पेटीत. माझ्याच्याने परत नाही व्हायचं. जाऊ दे त्याला, लोकांत जाऊन श्वास घेऊ दे.”

बसचा ड्रायव्हर घाई करत होता. कार्लिसने पेटी उचलली, आयव्हा डीनने खालून हात लावला, आणि दोघांनी मिळून ती सामानाच्या कप्प्यात ठेवली.